अंगणातली दुर्बीण

डिचोली,
१९ जानेवारी १९९७

चि. सौ. विमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा मिळालं. इतकं कोरडं कार्ड सरकारी कचेरीतूनही येत नाही. ‘मार्चअखेर धूमकेतू दिसेल. शाळेतल्या मुलींना दाखवायचा आहे. माझी दुर्बीण पार्सलने पाठवता येईल का?’ खाली सही. बाप काय करतो, जेवतो की नाही, काही नाही. असो. तू कोणाची मुलगी आहेस ते मला माहीत आहे.

तुझ्या आईला कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नळी तिची. धाडून दी.” आणि लगेच मला शपथ घातली, की उत्तरात तिच्याविषयी एक अक्षर लिहायचं नाही, लिहिलं तर मी तिचं मेलेलं तोंड बघेन. तेव्हा हे पत्र फक्त दुर्बिणीचं आहे. दुसरं काही त्यात शोधू नकोस. खाणीच्या ऑफिसात मी सगळी नोकरी पत्रव्यवहारावर काढली. साहेबांना जे लिहायचं नसेल ते न लिहिता पत्र कसं पुरं करावं, हे मला थोडंफार जमतं.

दुर्बीण माळ्यावर होती. काढताना कमरेत उसण भरली. कोणीतरी ती जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून ठेवली होती. मी नव्हे. पण आपलं घर पडलं ट्रकच्या रस्त्यावर, आणि ट्रक तू होतीस तेव्हापेक्षा पुष्कळ वाढलेत. दार लावा, जनेल लावा, खाणीची तांबडी धूळ डाळीच्या डब्यातसुद्धा जाते. तशी ती लुगड्यातूनही गेली. नळीच्या तोंडातून आत टॉर्च मारला, तर तळाचा आरसा गेरूने सारवल्यासारखा दिसला. खांद्यावरचा पंचा काठीला बांधून आत घालणार होतो. मग आठवलं, एकदा मी चष्मा सदऱ्याला पुसला म्हणून तू केवढी माझ्यावर डाफरली होतीस. काठी परत कोपऱ्यात ठेवली.

अशी घाण दुर्बीण मी पाठवणार नाही. आरसा घरच्या घरी कसा साफ करायचा ते सविस्तर कळव. मला समजेल असं लिही. तुझ्या मुलींना समजावतेस तसं.

फोन का करत नाही, असं विचारशील. बाजारातल्या बूथवर जावं लागतं, मागे माणसं उभी असतात, आणि मला हल्ली घर सोडून तेवढा वेळ… नाही, ते जाऊ दे. मला फोनवर ओरडून बोलायला आवडत नाही.

आता एक खरं लिहितो. ते माझ्याविषयी आहे, म्हणजे शपथेत बसतं. तू मामाच्या मुलाला नाही म्हणालीस, मोरजीला दिलेला शब्द मोडला, तुझ्या आईचं माहेर तुटलं, आणि ती तुला म्हणाली की हा उंबरा पुन्हा चढायचा नाही. तू ‘बरं’ म्हणालीस आणि गेलीस. दोघींनीही आपापला शब्द असा पाळलाय की बक्षीस द्यावं. मी मात्र कोणालाच काही शब्द दिला नव्हता. मला तू यायला हवी आहेस.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बाबा


डिचोली,
५ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. विमल हीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुर्बिणीवर दोन पानं, दोन्ही बाजूंनी, आकृतीसह. शेवटी एक ओळ, ‘आई बरी आहे ना?’ त्या ओळीचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. दुर्बिणीचं काय ते विचार.

तू लिहिलेल्या वस्तूंसाठी मी कुठे जाऊन काही आणलं नाही. सगळं घरातच निघालं. औषधाच्या दुकानातला कापूस आहे, मोठाली बंडलं आहेत. स्पिरिट आहे. डिस्टिल्ड वॉटर आहे, इंजेक्शनच्या पाण्याच्या बाटल्या असतात तसल्यातलं. हवा मारायला रबरी पंपसुद्धा निघाला, अजून पाकिटातच होता. ह्या वस्तू घरात का आहेत, ते विचारू नकोस. आहेत.

तू बजावलंस तसं कोरड्या आरशाला बोटही लावलं नाही. साधी धूळ असती तर गोष्ट वेगळी, पण ही लोखंडाची, पुसायला गेलात तर काच खरवडून निघेल, हे मी पाठच करून टाकलं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते, हेही. मी सकाळी चूळ भरून बसलो होतो, ती मेहनत वाया गेली.

नळीच्या खालच्या टोकाचे तीन स्क्रू काढले. तू म्हणाली होतीस की इतक्या वर्षांनी ते गंजलेले असतील, जोर करू नका. पण ते तेल दिल्यासारखे सुटले. मला नवल वाटलं. काढण्याआधी आकृतीप्रमाणे नळीवर आणि आरशाच्या बैठकीवर पेन्सिलची रेघ ओढून ठेवली, म्हणजे परत तसाच बसेल. मग आरसा उभा धरून पंपाने हवा मारली. धूळ भुरभुर पडायला लागली. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, ते तांबडं झालं. पुष्कळ गेली. जी चिकटलेली होती ती राहिली. तिच्याखाली काही काळपट गोल डाग आहेत असं वाटतं. धुतल्यावर कळेल.

धुण्याचं काम पुढच्या आठवड्यात करीन. मंगळवार सोडून. मंगळवारी बांबोळीची फेरी असते. बांबोळीला मोठ्या इस्पितळाशिवाय आहे काय, असं तू म्हणशील. मी कुठे काय म्हटलं?

मी घाई करत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पार्सल केलं की तुझी पत्रं थांबतील. तेव्हा थोडं थोडं करतो आहे.

तुझा,
बाबा


डिचोली,
१७ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. विमल हीस आशीर्वाद.

आरसा धुतला. कसा ते सगळं लिहितो, कारण माझ्या हातून काय चुकलं हे तुलाच कळेल.

विहिरीचं पाणी घेतलं नाही. ते तांबूस येतं, तुला माहीत आहे. नळाचं घेतलं, कोमट करून. प्लॅस्टिकच्या टबात तळाला जाड तवाल घडी करून घातला, म्हणजे आरसा हातातून सुटला तरी आपटणार नाही. बोटातली अंगठी काढली. निघता निघेना, साबण लावावा लागला. लग्नानंतर ती पहिल्यांदाच निघाली आणि बोट नागडं दिसायला लागलं. मग पातळ साबणाचा एक थेंब टाकून आरसा पाण्यात भिजत ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

हे सगळं सोप्यावर चाललं होतं. आतली खाट हल्ली जनेलाला लावलेली असते, तिथून सोपा दिसतो. खाटेवर कोण असतं ते मी लिहीत नाही. पण खाटेवरून सारखा कारभार चालू होता. तवाल चांगला का घेतला, टब कडेला का, पाणी सांडतंय.

कापसाचा बोळा भिजवून आरशावर ठेवला. तू लिहिलं होतंस, दाबायचं नाही, कापसाच्या स्वतःच्या वजनाने तो सरळ रेघेत ओढायचा, एकदा ओढला की टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. एवढा कापूस टाकायला जिवावर आलं, पण टाकला. तरी दुसऱ्या बोळ्याला माझा हात जड पडला असावा, कारण जनेलातून आवाज आला, “दामूं नाकात. जड हात तुमचो.” मी म्हटलं, तू ये मग. आणि म्हटल्यावर वाटलं, हे म्हणायला नको होतं.

धूळ गेली, विमल. अशी गेली की त्यात मला माझ्या दाढीचे राहिलेले खुंट दिसले. पण ते गोल डाग तसेच. बोटाच्या पेराएवढे, एकाशेजारी एक, ओळीने. मी नवा बोळा घेतला. तो फिरवून टाकला, आणखी एक घेतला.

“तें वचचें ना,” ती म्हणाली.

“का जाणार नाही?”

“कुंकू तें.”

मी कापूस हातात धरून तसाच बसलो. आरशावर कुंकू कोण लावील, असं विचारलं.

“हांवेंच लायलें. दर दसऱ्याक. तुमच्या सायकलीक लायतां, कोयत्याक लायतां, म्हज्या मशिनीक लायतां. चेडवाचें तितलें सोडूं? दसऱ्याक हत्यार उपाशी दवरूं नये.”

तू गेलीस त्या वर्षीच्या दसऱ्यापासून दर वर्षी तिने हे केलंय. मी देवळात गेलेला असायचो तेव्हा. माळ्यावरून नळी उतरवायची, शिवणयंत्राच्या स्क्रू-पिळ्याने ते तीन स्क्रू काढायचे, ओलं कुंकू लावायचं, अक्षता, झेंडूचं फूल, आणि मग स्क्रूंना मशीनचं तेल देऊन सगळं परत वर. आत आरसा असतो हे तिला ठाऊक होतं. तू साफ करायला बसायचीस तेव्हा ती चुलीपाशी काम करताना बघत असणार. मी विचारलं, नळीच्या बाहेर लावायचं होतंस, आत कशाला? तर म्हणाली, “नळयेचें तोंड खंयचें तें माका कळूंक ना. जातूंत तोंड दिसता तेंच तोंड, म्हणून थंय लायलें.”

मी पाणी बदलायचं निमित्त करून मागीलदारी गेलो. रडलो, लिहून टाकतो. आता तू म्हणशील शपथ मोडली. नाही मोडली. हे तिच्याविषयी नाही, डागांविषयी आहे.

मग नळाखाली आरसा धुऊन घेतला, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि भिंतीला टेकवून उभा ठेवला. पुसला नाही. पाणी आपसूक निथळलं, दोन थेंब राहिले ते टिपकागदाच्या टोकाने उचलले. डाग कसे काढायचे ते कळव. काढायचे की नाही, तेही कळव.

तुझा,
बाबा


डिचोली,
५ मार्च १९९७

चि. सौ. विमल हीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मग सोप्यावर येऊन पुन्हा वाचलं. कुंकवात हळदीबरोबर चुना असतो, ओला चुना आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर खातो, म्हणून ते डाग नव्हेतच, तिथला आरसाच गेलाय आणि नुसती काच राहिली आहे. तेव्हा घासून काही होणार नाही. पुण्याला पाठवला तर सगळा थर काढून नवा चढवून देतात, पण तसं करायचं नाही, असं तू लिहिलंस. दुर्बिणीतून बघताना ते डाग दिसत नाहीत, उजेड जरासा कमी पडतो एवढंच, हेही लिहिलंस. बरं झालं. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे म्हजेन वायट जालें.” मी म्हटलं, थोडं झालं.

पाकिटात वेगळी घडी होती, तिच्या नावाची. मी वाचून दाखवू का म्हणून विचारलं. नको म्हणाली आणि उशाखाली ठेवली. दुपारी माझा डोळा लागला. उठलो तेव्हा घडी उशाखालीच होती, पण उलटी घातलेली. इतकंच सांगतो.

तू मला विचारलंस, ‘मी आले तर चालेल का?’ ह्या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघितली, आणि आला तेव्हा मला ‘हो’ म्हणता आलं नाही. कारण सांगतो. तुला वाटतं की ती अजून रागात आहे. राग त्याच वर्षी गेला. आता आहे ती भीती. तो उंबऱ्याचा शब्द ती तिन्हीसांजेला बोलली, देवापुढे दिवा लावताना, आणि तुझ्या जिवावर बोलली, की चढलीस तर तुझं बरं होणार नाही. बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. पण त्या वेळी वास्तू तथास्तु म्हणते, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलंय. तू आलीस तर तुझंच वाईट होईल, असं ती धरून बसली आहे. तू शिकवतेस, तुला हसू येईल. हसू नकोस. ही बाई इतकी वर्षं तुझ्यासाठीच तुला येऊ देत नाही.

म्हणून सोमवारी मी देवळात गेलो, गाऱ्हाणं घातलं आणि देवाला पाकळ्यांचा प्रसाद लावून कौल मागितला. शब्द मागे घ्यायचा असेल तर उजवी पाकळी दे, म्हटलं. देवाच्या अंगावरच्या ओल्या पाकळ्यांकडे किती वेळ बघत बसलो ते मला सांगता येणार नाही. डावी पडली. मी भटजींना म्हटलं, परत लावा. ते म्हणाले, असं करता येत नाही. देवाशी मी कधी भांडलो नव्हतो, त्या दिवशी पायऱ्या उतरताना भांडलो. घरी येऊन खोटं सांगावं असं मनात होतं. पण दारात माझं तोंड बघूनच ती म्हणाली, “दावी पडली मगो?”

मग संध्याकाळी मी चिडून बोललो, की तुझा देव आणि तुझा उंबरा, त्या पोरीला धूमकेतू काय आमच्या घरात शिरून बघायचाय? दुर्बीण मांडायची ती अंगणातच मांडणार ना? मी आपला भात लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तिला भरवायला गेलो तर म्हणते, “हांवें उंबरो म्हणिल्लें. खळें म्हणूंक नाशिल्लें.”

अंगण तिने म्हटलंच नव्हतं. विमल, ही वाट तिने स्वतः काढली आहे. तू अंगणात यायचं. चढायचं नाही. रात्री झोपायला शेजारी बाबलीकडे. तो सावंतवाडीकडचा, टिपर चालवतो, बायको भली आहे, दोघांना मी विचारून ठेवलंय. संध्याकाळी मी आणि बाबली मिळून खाट बाहेर आणू. धूमकेतू खाणीच्या मातीच्या डोंगरावर, मावळतीला दिसणार असं तू लिहिलंसच आहे, आणि तो डोंगर आपल्या अंगणातून समोर आहे. ह्या खाणीचा एवढा तरी उपयोग झाला.

दुर्बीण पार्सलने पाठवत नाही. तू ये आणि घेऊन जा.

तुझा,
बाबा


डिचोली,
१८ मार्च १९९७

चि. विमल,

गुड फ्रायडेच्या सुट्टीत येते म्हणून लिहिलंस. सुट्टीची वाट बघू नकोस. पत्र मिळेल त्या रात्रीची गाडी पकड.

आज शपथ मोडतो आहे. तुझी आई दिवाळीपासून आजारी आहे. पोटात गाठ होती, ती काढली, आणि आता डॉक्टर म्हणतात की घरीच ठेवा. चार दिवस पेजेपलीकडे काही घेतलं नाही. सकाळी शुद्ध असते, दुपारी तुझ्या लहानपणाचं काहीतरी बोलते. मी लिहिलं तर तिचं मेलेलं तोंड बघेन, अशी तिने शपथ घातली होती. ते मला तसंही बघावं लागणार आहे.

आरसा परत बसवला आहे. पेन्सिलच्या रेघा जुळवल्या, चिमट्यांखाली कागद जाईल एवढी फट ठेवली, आवळलं नाही. बघायच्या भिंगाची धूळ आधी पंपाने उडवली, मग कापसाला जरासं स्पिरिट लावून वरूनच फिरवलं, उघडलं नाही. नळीचं काम झालं. आता फक्त तू ये.

बाबा


डिचोली,
४ मे १९९७

चि. सौ. विमल हीस अनेक आशीर्वाद.

मुलींनी धूमकेतू बघितला, वाचून बरं वाटलं. एका मुलीने विचारलं की आरशावर हे ठिपके कसले, आणि तू तिला खरं ते सांगितलंस, हे आणखी बरं.

इथे सगळं ठीक आहे. तुझा मामा कृष्णनाथ परवा मोरजीहून आला होता. बाराव्याला तुझ्या हातचा चहा त्याने घेतला, तेव्हापासून त्याचं येणं सुरू झालंय. बहीण होती तेव्हा यायचं सुचलं नाही. येताना नारळ आणले, दोघे सोप्यावर बसलो. बाबलीची बायको रोज भाजी आणून देते आणि त्यात मीठ विसरते. मी वरून घालून घेतो.

तू विचारलंस, त्या रात्री खाट आत नेल्यावर आई काही बोलली का. तेव्हा मला सांगता आलं नाही. आज सांगतो.

अंगणात तू तिला टेकून बसवलंस, नळी जवळजवळ आडवी होती म्हणून भिंग बरोबर तिच्या डोळ्यापाशी आलं, तू ते हळूहळू फिरवत होतीस आणि ती म्हणाली, “दिसलें गो, दिसलें.” तुझा चेहरा केवढा खुलला. तिने आणखी एकच विचारलं, “जेवलें गो तूं?” तू हो म्हणालीस. मला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी दोघी रडाल, काही बोलाल. पण तू तिचा पदर सारखा करत राहिलीस आणि ती करू देत राहिली.

आत नेऊन निजवल्यावर मी विचारलं, कसा होता धूमकेतू? ती म्हणाली, काही दिसलं नाही, सगळं पांढुरकं. हल्ली तिला माझं तोंडही धड दिसत नव्हतं. मग ‘दिसलें’ का म्हणालीस, विचारलं. तर म्हणाली, “तें लागीं बशिल्लें. हात कशे सारके चलतात ताचे. हांव ते हात पळयतालें.” तू अगदी जवळ बसली होतीस, तेवढे तुझे हात तिला दिसले. मग जरा वेळाने म्हणाली, बाबलीच्या घरी तिला पांघरूण दिलं असेल ना, तिला पहाटे थंडी वाजते. मी म्हटलं, दिलंय, मी बघून आलो. मी बघून आलो नव्हतो. माझं ते शेवटचं बोलणं तिच्याशी, आणि ते खोटं. पण त्यानंतर ती झोपली.

पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकून मी उठलो. तिच्या कपाळाला हात लावला आणि कळलं. मी कोणाला हाक मारली नाही. दार उघडून उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. तू बाबलीकडून पेजेचा टोप घेऊन येत होतीस. रोजच्यासारखी अंगणातच थांबलीस, पायरीखाली. “आई उठली?” विचारलंस. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग टोप खाली ठेवलास आणि विचारलंस, “बाबा, येऊं?”

मी ‘ये’ म्हटलं.

विमल, तुला हा एक शब्द म्हणायला मी किती वर्षं जीव धरून बसलो होतो. तो मी म्हटला, आणि आई गेली हे तुला त्याच शब्दाने कळलं. त्यानंतर तू धावत आत आलीस, ते मला नीट आठवत नाही. मी दाराकडेच तोंड करून उभा होतो. अजूनही पहाटे कधी कधी मला तो शब्द ऐकू येतो, माझाच आवाज, आणि मी उठून बसतो.

तुमची शाळा सुटली असेल. जावईबापूंना घेऊन चार दिवस राहायला ये. आंबे पिकू लागलेत. पण एक कर. ह्या वेळी अंगणात थांबून मला ‘येऊं?’ असं विचारू नकोस. मला पुन्हा ‘ये’ म्हणायला लावू नकोस. सरळ आत ये.

तुझा,
बाबा